घाट उतरणाऱ्या जुन्या ट्रकचे ब्रेक

जुन्या ट्रकचा ब्रेक चाकाच्या पोटात बसलेला असतो. बिडाचा जाड ड्रम चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत, ॲक्सलला धरून, दोन अर्धगोल शू असतात आणि शूवर घर्षणाची पट्टी, म्हणजे लायनर, रिबिटांनी ठोकलेला असतो. पेडल दाबले की शू फाकतात, लायनर ड्रमला भिडतो आणि गाडीची गती उष्णतेत जिरते. प्रत्येक वेळी लायनर थोडा झिजतो आणि ड्रमही थोडा झिजतो. टायर गुळगुळीत झाला तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतो. ब्रेक झिजलेला मात्र चाक उतरवल्याशिवाय नीट कळत नाही. म्हणून जुन्या गाडीच्या बाबतीत ‘ब्रेक लागतोय ना, मग ठीक आहे’ हे उत्तर पुरेसे नसते. सपाट रस्त्यावर लागणारा ब्रेक घाटात लागेलच असे नाही, आणि त्यामागे साधे, मोजता येणारे कारण आहे.

बुलढाणा जिल्हा हे कारण समजून घ्यायला अगदी योग्य जागा आहे, कारण हा जिल्हाच दोन पातळ्यांवर वसलेला आहे. इथली माणसे तालुके सांगतात ते घाटावरचे आणि घाटाखालचे असे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या मातीच्या खोऱ्यात. मधे अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड आहे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, तर मलकापूर २५० मीटरच्या आसपास. मलकापूरकडे जाणारा रस्ता राजूर घाटातून उतरतो, खामगावकडे जाणारा ज्ञानगंगा अभयारण्यातल्या बोथ्याच्या घाटातून. नागपूर-मुंबई रेल्वेमार्ग घाटाखालून जातो, जुना राष्ट्रीय महामार्ग सहाही तिथूनच. मोठ्या बाजारपेठा आणि जिनिंगही बहुतेक खालीच. त्यामुळे घाटावरचे सोयाबीन, तूर, कापूस ट्रकमध्ये चढले की गाडी भरलेली असतानाच उतरायची वेळ येते. ब्रेकच्या दृष्टीने यापेक्षा अवघड काम नाही.

किती अवघड, याचा हिशेब करता येतो. दोन ॲक्सलच्या सहाचाकी ट्रकला २०१८पर्यंत एकूण १६.२ टन वजनाची परवानगी होती आणि जुन्या गाड्यांची नोंद बहुधा तेवढ्याचीच असते. एवढे वजन ३०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे पावणेपाच कोटी ज्यूल ऊर्जा सुटते. साधारण दीडशे लिटर साधे पाणी उकळायला लागेल एवढी ही उष्णता आहे. त्यातला काही भाग वारा आणि टायर घेतात, गाडी गिअरमध्ये असेल तर बराच मोठा भाग इंजिन घेते. उरलेली सगळी ऊर्जा चार ड्रमच्या लोखंडात, पाच-दहा मिनिटांत जाते. ड्रमला ती तेवढ्या वेळात हवेत सोडून देणे जमत नाही, तो तापतो.

तापलेला बिडाचा ड्रम फुगतो. या वर्गाच्या गाड्यांत ४१० मिलिमीटर व्यासाचे ड्रम सर्रास असतात. असा ड्रम २५० अंशांनी तापला तर त्याचा व्यास मिलिमीटरभर वाढतो, म्हणजे तो दोन्ही शूंपासून थोडा थोडा दूर सरकतो. मिलिमीटर ही काही मोठी गोष्ट वाटत नाही. पण ते अंतर भरून काढायला हवेच्या दाबाने ढकलला जाणारा ब्रेकचा रॉड एक सेंटिमीटरहून अधिक पुढे यावा लागतो, कारण मधली सगळी यंत्रणा चाल घटवून जोर वाढवणारी आहे. रॉडची एकूण चाल सहा सेंटिमीटरच्या आसपास असते. थंडपणी त्यातले पाच सेंटिमीटर आधीच खर्च होत असतील, तर घाटाच्या मध्यावर रॉड आपल्या टोकाला जाऊन थांबतो. टाकीत हवा भरपूर असते, पायाखाली पेडल असते आणि चाकावर जोर नसतो. त्याच वेळी लायनरमधले राळेसारखे घटक तापून त्याची पकडही कमी होते. ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांत जे सांगितले जाते ते अनेकदा हेच असते. काही तुटलेले नसते, काही फुटलेले नसते. झीज आणि ढिलाई महिनोन् महिने साचत आलेली असते आणि उष्णतेने ती एका उतारावर उघडी पडते.

लायनर हा तसा साधा पदार्थ, पण त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात कापसाशी जोडलेली आहे, हे कापसाच्या जिल्ह्यात सांगायला हवे. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड या माणसाने पाहिले की डोंगर उतरताना गाडीवान लाकडी ब्रेकच्या ठोकळ्यांवर जुन्या बुटांचे चामडे ठोकतात. त्यावरून त्याने १८९७मध्ये डांबरासारख्या पदार्थात भिजवलेल्या सुती विणीचा ब्रेकचा पट्टा काढला. ‘फेरोडो’ हे नाव त्याच्याच आडनावाची इंग्रजी अक्षरे फिरवून, त्यात एक ‘ई’ घालून तयार झाले. सुती पट्टा फार उष्णता सोसत नसे, म्हणून पुढे त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू आले आणि विसाव्या शतकाचा मोठा काळ जगभरच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस राहिले. भारतात टाटांनी डाइमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४पासून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. त्यानंतर दहा वर्षांत चेन्नईच्या परिसरात हवेचे ब्रेक आणि लायनर बनवणारे कारखाने उभे राहिले. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक आहे हे आता निर्विवाद आहे. जुन्या गाडीच्या ड्रममध्ये साठलेल्या काळ्या भुकटीत काय आहे हे नुसते बघून कळत नाही, आणि गॅरेजमधल्या पोराच्या आरोग्याशी याचा थेट संबंध आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

जड ट्रकमध्ये पायाचा जोर पुरत नाही, म्हणून हवेचा वापर होतो. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये सात-आठ बार दाबाची हवा भरतो. पेडलखालचा फूट व्हॉल्व्ह ही हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरकडे सोडतो. चेंबर म्हणजे दोन वाट्या तोंडाला तोंड लावून मधे रबरी पडदा बसवलेला डबा. पडद्याचे क्षेत्रफळ ३० चौरस इंच असेल आणि हवेचा दाब सात बार असेल, तर रॉडवर तेराशे किलोंहून जास्त जोर येतो. रॉडच्या पुढे स्लॅक ॲडजस्टर असतो. गॅरेजात त्याला नुसते ‘स्लॅक’ म्हणतात. तो एक दांडा आहे. रॉडची सरळ चाल तो कॅमच्या शाफ्टच्या फिरण्यात बदलतो. शाफ्टच्या आतल्या टोकाला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे डोके असते. ते फिरले की शूच्या टोकांवरचे दोन रोलर बाहेर ढकलले जातात आणि शू फाकतात. पाय काढला की रिटर्न स्प्रिंगा शूंना परत आत ओढतात. टाटा ४०७सारख्या १९८६पासून रस्त्यावर असलेल्या लहान ट्रकमध्ये हवेऐवजी ब्रेक ऑइल आणि व्हॅक्युम बूस्टर असतो, कॅमऐवजी व्हील सिलिंडर असतो. ड्रम, शू आणि लायनर मात्र तेच.

झीज होते ती या साखळीच्या प्रत्येक कडीत, आणि बहुतेक वेळा बदलला जातो तो फक्त लायनर. जुन्या गाडीच्या ब्रेकदुरुस्तीतली सर्वांत मोठी चूक हीच आहे. कॅमच्या शाफ्टचे बुश खाल्ले गेले असतील तर शाफ्ट फिरण्याआधी एका बाजूला कलतो आणि एक शू आधी, दुसरा नंतर भिडतो. रोलर फिरायचे थांबले की कॅम त्यांच्यावर घसरतो आणि एकाच जागी सपाट खड्डा पाडतो. मग कॅमचे डोके त्या खड्ड्यात अडकून ब्रेक सुटत नाही. शूचे दुसरे टोक ज्यावर टेकते ती अँकर पिन झिजली तर शू वाकडा बसतो. स्प्रिंगा उष्णतेने मऊ पडल्या तर शू ड्रमला घासत राहतात, त्यामुळे चाक घाटाविनाच तापते. यातली प्रत्येक झीज रॉडच्या चालीतला थोडा थोडा भाग खाते. नवा लायनर टाकल्यावर ब्रेक आठवडाभर छान वाटतो, मग पुन्हा लांब लागू लागतो, आणि दोष लायनरच्या मालाला दिला जातो.

म्हणून चाक खोलण्याच्या आधी मोजमाप करायला हवे. सपाट जागी गाडी उभी करून सगळ्या चाकांना ठोकळे लावायचे, पार्किंग ब्रेक सोडायचा, टाक्या पूर्ण भरायच्या. प्रत्येक चेंबरच्या रॉडवर, जिथे तो डब्यातून बाहेर येतो तिथे, खडूची रेघ मारायची. एकाने पेडल पूर्ण दाबून धरायचे आणि दुसऱ्याने खाली वाकून रेघ किती पुढे आली ते फूटपट्टीने बघायचे. एकाच ॲक्सलच्या डाव्या आणि उजव्या रॉडची चाल सारखी नसेल, तर गाडी ब्रेक मारताना एका अंगाला का ओढते याचे उत्तर तिथेच मिळाले. ३० चौरस इंचांच्या चेंबरची चाल पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल तर तो ब्रेक आज, आता, दुरुस्तीला आला आहे. ज्या चेंबरचा रॉड सरकतानाच हवा गळल्याचा आवाज येतो त्याचा पडदा फाटला आहे. हे सगळे दहा मिनिटांचे काम आहे, त्याला हत्यार म्हणून खडू आणि पट्टी एवढेच लागते. आणि तरीही ते फार कमी ठिकाणी होते, ही खेदाची गोष्ट आहे.

चाक उचलताना जॅकवर भरवसा ठेवायचा नसतो. ॲक्सलखाली लोखंडी स्टँड आणि दुसऱ्या ॲक्सलच्या चाकांना पुढूनमागून लाकडी ठोकळे हवेत. त्यांच्याऐवजी लावलेला शेताच्या कडेचा दगड वजनाखाली फुटतो. मागच्या चाकांना स्प्रिंग ब्रेक असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्या चेंबरच्या मागच्या भागात एक दणकट स्प्रिंग दाबून बसवलेली असते. हवा असली की ती दबलेली राहते आणि हवा गेली की सुटून ब्रेक लावते, म्हणजे हवा संपलेली गाडी आपोआप धरली जाते. जॉर्ज वेस्टिंगहाउसने रेल्वेसाठी १८७०च्या दशकात जे तत्त्व आणले, की हवा जाणे म्हणजे ब्रेक सुटणे नव्हे तर ब्रेक लागणे, तेच इथे आहे. काम सुरू करण्याआधी ही स्प्रिंग तिच्या लांब बोल्टने आवळून बंदिस्त करायची. स्प्रिंगच्या भागाची बाहेरची पट्टी कधीही खोलायची नाही. तो भाग बिघडला तर अख्खा बदलायचा. ती पट्टी सुटून डबा उडाल्याने माणसे दगावलेली आहेत.

मागच्या चाकाचा ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढला की हाउसिंगमधले थोडे ऑइल खाली येते, तेव्हा खाली घमेले ठेवलेले बरे. मग लॉक वॉशरची जीभ सरळ करून नट काढायचे, बेअरिंग हातात घ्यायचे आणि हबसह ड्रम ओढायचा. काही गाड्यांत हब तसाच ठेवून नुसता ड्रम निघतो. जुना ड्रम सहज निघत नाही. वर्षानुवर्षे लायनर जिथे घासतो तिथे ड्रम खोलगट होतो आणि बाहेरच्या कडेला न झिजलेली एक धार उरते. शू त्या धारेमागे अडकलेले असतात. इथे घणाचे काम नाही: स्लॅकचा बोल्ट उलट फिरवून शू आत घेतले की ड्रम सुटतो.

ड्रम निघाल्यावर आत दिसते ती भुकटी. लायनरची राख, ड्रमचा कीस आणि घाटाखालच्या गाडीत काळ्या मातीचा वाळलेला थर. पावसाळ्यात हा चिखल मागच्या पत्र्याच्या फटींतून आत जातो आणि वाळल्यावर सँडपेपरसारखा घासतो. टायरवाल्याच्या हवेच्या नळीने ही भुकटी उडवून देण्याची पद्धत सगळीकडे आहे, आणि ती बंद व्हायला हवी. एका फुंकरीत ती धूळ गॅरेजभर पसरते आणि पानेवाल्या पोराच्या छातीत जाते. ॲस्बेस्टॉसचा दुष्परिणाम दिसायला वीस-तीस वर्षेही लागतात, तोवर कारण कुणाला आठवत नाही. साबणाच्या पाण्याचा फवारा, ओला बोळा आणि नाकातोंडावर चांगला मास्क यांनी तेच काम दहा मिनिटे जास्त घेऊन होते. ओला गाळ पिशवीत बांधून टाकायचा, झाडून काढायचा नाही.

आता ड्रम पाहायचा. त्याचा आतला पृष्ठभाग स्वच्छ पुसून नख फिरवले तर उभ्या बारीक चिरा हाताला लागतात. उष्णतेच्या बारीक चिरांचे जाळे बहुतेक ड्रमवर असते आणि ते चालते. नख अडकेल एवढी खोल, कडेपर्यंत गेलेली चीर चालत नाही. निळसर-काळे डाग म्हणजे तिथे बीड तापून कडक झाले आहे. असा डाग लायनरखाली चकाकत राहतो आणि पकड घेत नाही. ड्रम दोरीने टांगून हलकेच हातोडी मारली तर चांगला ड्रम घंटेसारखा घुमतो, तडा गेलेला ‘ठक्’ करून गप्प होतो. व्यास मात्र डोळ्याने ठरवायचा नाही. ड्रमच्या कडेवर कमाल व्यास ओतलेला किंवा कोरलेला असतो आणि तो नव्या व्यासापेक्षा काही मिलिमीटरच जास्त असतो. लेथवर फिरवून रेघा आणि धार काढता येते, पण त्या मर्यादेच्या आत. मर्यादेच्या पुढे गेलेला ड्रम पातळ असतो. तो लवकर तापतो, जास्त फुगतो, आणि घाटात तडकतो. ‘अजून एकदा फिरवून घेऊ’ या हिशेबात वाचलेले पैसे नव्या लायनरच्या लवकर होणाऱ्या झिजेत निघूनही जातात.

एका बाजूचा ड्रम फिरवला आणि दुसरा तसाच ठेवला तर ॲक्सलचे दोन ड्रम दोन वेगळ्या व्यासांचे होतात. म्हणून ड्रम असो, लायनर असो की स्प्रिंगा, काम नेहमी ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना एकदमच करायचे. लायनरच्या बाबतीत एक गोष्ट आणखी: दोन्ही चाकांचे लायनर एकाच कंपनीचे आणि एकाच ग्रेडचे हवेत. लायनरच्या कडेवर छापलेल्या अक्षरांत थंड आणि गरम अवस्थेतल्या घर्षणाचा दर्जा दिलेला असतो. डावीकडे एक माल आणि उजवीकडे दुसरा असेल तर थंडपणी ब्रेक सारखा लागेल आणि तापल्यावर गाडी फिरेल.

जुना लायनर मध्यभागी सहा मिलिमीटरच्या आसपास उरला की बदलायची वेळ झाली. रिबिटांची डोकी ड्रमला टेकण्याची वाट पाहायची नसते, कारण पितळ किंवा तांबे मऊ असले तरी ड्रममध्ये खोल चर पाडते. ऑइल किंवा ग्रीसने भिजलेला लायनर जाड असला तरी गेलेलाच. तो पेट्रोलने धुऊन, भट्टीवर भाजून पुन्हा लावण्याचा प्रकार चालतो, पण आत मुरलेले तेल पहिल्याच घाटात तापून वर येते. शिवाय ऑइल आले कुठून, तर फाटलेल्या ऑइल सीलमधून. सील न बदलता लायनर बदलणे म्हणजे महिनाभराने तेच काम पुन्हा करणे.

रिबिटे काढताना ती छिन्नीने उडवली तर शूची भोके लांबट होतात, म्हणून ड्रिलने काढावीत. उघडा शू घासून गंज काढायचा आणि त्याचा गोलावा बघायचा. जुन्या शूची पाठ मधे बसलेली किंवा वाकलेली असते आणि गंजाचा थर असेल तर नवा लायनर त्यावर अधांतरी बसतो. रिबिटे ठोकण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवात मधल्या भोकांपासून करायची आणि आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जायचे. टोकांपासून सुरू केले तर लायनर मधे कमानीसारखा उचलला जातो. काम झाल्यावर लायनर आणि शू यांच्या फटीत पातळ फीलर गेज घालून बघायचे. ते आत शिरले तर तिथे लायनर टेकलेला नाही. असा लायनर दाबाखाली रोज थोडा लवतो आणि एक दिवस रिबिटाच्या भोकापाशी तडकतो. रिबिटाचे डोके उमलून स्वच्छ गोल बसले पाहिजे. चिरलेले डोके काढून दुसरे ठोकायचे. हे काम शिकलेल्या हाताचे आहे आणि चांगला रिबिटवाला ठोक्याच्या आवाजावरून डोके बसले की नाही ते ओळखतो.

ड्रम लेथवर फिरवला असेल तर त्याचा गोलावा मोठा झालेला असतो आणि मूळ मापाचा लायनर त्याला फक्त मधे टेकतो. त्यासाठी जाड, ओव्हरसाइझ लायनर मिळतात. ते शूवर ठोकल्यावर ड्रमच्या मापाप्रमाणे लेथवर घासून घेतले की पहिल्याच दिवशी लायनरचा बराचसा भाग ड्रमला भिडतो. दोन्ही टोकांना कानशीने थोडी उतरती धार केली की ब्रेक करकरत नाही.

जोडणीत ग्रीसचे भान ठेवायचे. कॅम शाफ्टच्या बुशना ग्रीस हवे, अँकर पिनला हवे, रोलरच्या पिनला थोडे हवे. पण कॅमच्या डोक्याला आणि रोलरच्या बाहेरच्या पृष्ठभागाला ग्रीस लावायचे नाही. तिथे ग्रीस असले की रोलर फिरण्याऐवजी घसरतो आणि पुन्हा खड्डा पडतो. ग्रीस गनने बुश भरताना जास्त झालेले ग्रीस थेट लायनरवर जाते, म्हणून हात आवरायचा. स्प्रिंगा, बुश आणि रोलर नवे घातले तर त्यांचा खर्च एका ड्रमच्या तुलनेत किरकोळ असतो, आणि सगळे खोललेले असताना मजुरी पुन्हा लागत नाही. बेअरिंग धुऊन, तपासून, नवे ग्रीस हातांनी दाबून भरायचे. नट आवळताना हब हाताने फिरवत राहायचा, तो जड झाला की नट थोडा मागे घ्यायचा, म्हणजे बेअरिंग ना घट्ट ना सैल राहते. मग लॉक वॉशरची जीभ वाकवायची. ती जुनी, तीनदा वाकवलेली असेल तर बदलायची.

स्लॅक जुळवणे हा या कामाचा प्राण आहे. चाक वर असताना स्लॅकचा बोल्ट फिरवून शू ड्रमला टेकवायचे, चाक हाताने फिरेनासे झाले की पाव ते अर्धा फेरा मागे यायचे. चाक मोकळे फिरले पाहिजे आणि किंचित खसखस ऐकू आली तरी चालते. मग पेडल दाबून पुन्हा खडूची रेघ मोजायची. दोन्ही बाजूंची चाल सारखी आणि पाच सेंटिमीटरच्या बरीच आत हवी. ब्रेक लागलेला असताना रॉड आणि स्लॅकचा दांडा यांच्यात काटकोन असला पाहिजे, तेव्हाच रॉडचा पूर्ण जोर कॅमवर पडतो. कोन बराच मोठा किंवा लहान असेल तर चेंबर तेच पण ब्रेक कमी. शेवटी बोल्टची लॉकिंग कॉलर बाहेर येऊन बसली आहे याची खात्री करायची. ती आत अडकून राहिली तर बोल्ट आपोआप ढिला होत जातो आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते. नव्या गाड्यांत आपोआप जुळणारे स्लॅक असतात. जुन्या गाडीत हे काम माणसालाच करावे लागते, आणि ते वर्षातून एकदा नव्हे, तर नियमाने.

हवेची बाजू स्वच्छ ठेवायला वेळ कमी लागतो. टाक्यांच्या तळाशी पाणी साचते, विशेषतः पावसाळ्यात; ते रोज काढायचे, कारण ते हवेची जागा घेते आणि व्हॉल्व्ह गंजवते. साबणाचे पाणी सांध्यांवर टाकले की गळती फुगे काढून स्वतःच सांगते. लहान, ऑइल ब्रेकच्या ट्रकला वेगळा धोका आहे. डीओटी-३ दर्जाचे नवे ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या वर उकळते, पण ते हवेतले पाणी शोषते आणि ओले झाल्यावर तेच १४० अंशांपर्यंत उतरते. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफ होते, वाफ दबते आणि पेडल जमिनीला जाते. व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या बदलताना अख्खे ऑइलही बदलायचे आणि चाकाचाकातून हवा काढायची.

कायद्याने आठ वर्षांपर्यंतच्या व्यापारी वाहनाला दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेसचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. एमएच २८, म्हणजे बुलढाण्याच्या नंबरच्या बहुतेक जुन्या गाड्या या दुसऱ्या गटात येतात. पण तपासणीची तारीख वर्षातून एकदाच येते आणि ब्रेक हंगामाप्रमाणे झिजतो. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन येते, पाठोपाठ कापूस सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत गाड्या भरूनच घाट उतरतात. खंडेनवमीला पाने-हातोड्यांना हळदकुंकू लागते, गाडीला झेंडूचा हार चढतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात, पावसाचा चिखल ड्रममध्ये असतानाच, चारही ड्रम उघडून बघायची ती खरी वेळ आहे.

नवे लायनर लगेच पूर्ण पकड घेत नाहीत. त्यांचा आणि ड्रमचा पृष्ठभाग एकमेकांत बसावा लागतो. त्यासाठी रिकामी किंवा अर्धी भरलेली गाडी सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगाने नेऊन, हलक्या पेडलने, मधे थंड व्हायला वेळ देत, पंधरा-वीस वेळा थांबवायची. पहिल्याच दिवशी भरलेली गाडी राजूर घाटात घातली तर लायनरचा वरचा थर जळून काचेसारखा होतो आणि तो पुन्हा घासूनच काढावा लागतो. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर स्लॅक पुन्हा मोजायचा, कारण लायनर बसल्याने चाल थोडी वाढलेली असते.

घाट उतरताना गाडीला इंजिनाने धरायचे आणि ब्रेक फक्त वेग आवरायला ठेवायचा. माथ्यावरच, उतार सुरू होण्याआधी, खालचा गिअर टाकायचा. न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचते हा समज खोटा आहे. गाडी गिअरमध्ये उतारावर इंजिनाला ढकलते तेव्हा जुन्या पंपाचा गव्हर्नरही डिझेल तोडतो; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आयडलिंगला डिझेल पीत राहते, कॉम्प्रेसर हळू फिरतो आणि सगळा भार ड्रमवर येतो. वेग हवा त्याहून वाढला की एकदा घट्ट ब्रेक मारून तो खाली आणायचा आणि पाय काढायचा. सतत हलका पाय ठेवला तर ड्रमला थंड व्हायला उसंतच मिळत नाही.

उतार संपल्यावर, मोताळ्याच्या अलीकडे रस्त्याच्या बाजूला गाडी लावून सगळ्या चाकांभोवती एक फेरी मारण्याची सवय असलेले चालक आहेत. ड्रमला हात लावायचा नाही, तो भाजतो. तळहाताची मागची बाजू चाकाच्या जवळ धरली तरी ऊब कळते. चारही ड्रम जवळजवळ सारखे तापलेले असतील तर चारही ब्रेक सारखे काम करत आहेत. एक थंड असेल तर ते चाक घाटभर फुकट फिरत आले आणि त्याचा भाग बाकीच्यांनी ओढला. एकच खूप तापलेला असेल, त्यातून जळकट वास येत असेल, तर तिथे शू परत येत नाही: स्प्रिंग, रोलर किंवा कॅमचा बुश. त्या चाकाचा नंबर खडूने दारावर लिहून ठेवायचा आणि मलकापूरला माल उतरला की गाडी आधी गॅरेजला घ्यायची.